शके ६७५ : शिक्कामोर्तबाचे वर्ष

वाळूजमध्ये कारखान्याच्या गेटवरची केबिन असो की बजाजनगरातले किराणा दुकान, भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली असतेच. पगार कधी, शिफ्ट कधी बदलते, गॅसची टाकी कधी लावली, दुधाचे खाडे किती झाले, हे सगळे तिच्यावरच्या इंग्रजी तारखांच्या चौकोनांत पेनाने लिहिलेले. त्याच पानावर बारीक टायपात आणखी एक वर्ष छापलेले असते : शालिवाहन शके. गुढीपाडव्याला ते बदलते, लग्नपत्रिकेवर दिसते, एरवी त्याच्याकडे कुणी बघत नाही. ज्या शालिवाहनाचे नाव या गणनेला पुढे चिकटले, त्याचे पैठण वाळूजहून तासा-दीड तासाच्या वाटेवर. आणि या गणनेतले एक वर्ष असे आहे, की त्याच्या खुणा पाहायला वाळूजकराला फार लांब जावे लागत नाही. दौलताबादचा किल्ला मागे टाकून, घाट चढून खुलताबाद ओलांडले आणि वेरूळला उतरले की झाले.

ते वर्ष शके ६७५. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे मार्च ७५३च्या गुढीपाडव्यापासून फेब्रुवारी ७५४च्या अखेरीपर्यंतचे बारा महिने. स्पर्धा परीक्षेची पोरं हे साल एका ओळीत पाठ करतात : इ.स. ७५३, दंतिदुर्ग, राष्ट्रकूट सत्तेची स्थापना. ओळ चुकीची नाही, फक्त फार तोकडी आहे. त्याच बारा महिन्यांत रोमचा पोप भर हिवाळ्यात आल्प्स ओलांडत होता. एक आंधळा चिनी भिक्षू सहाव्यांदा समुद्रात उतरला होता. बॉस्फरसच्या काठी शेकडो बिशप देवाचे चित्र काढावे की नाही यावर वाद घालायला जमले होते. या कुणाला कुणाचा पत्ता नव्हता. तरी साऱ्यांची धडपड जवळपास एकाच गोष्टीसाठी होती. तलवारीने मिळवलेल्या किंवा नव्याने मांडलेल्या व्यवस्थेवर त्यांना कुणातरी मानाच्या हाताचा शिक्का हवा होता.

रथसप्तमीचा तराजू

सुरुवात घरातून. कोल्हापूर जिल्ह्यात गडहिंग्लजजवळ सामानगड आहे. तिथे मिळालेला दंतिदुर्गाचा ताम्रपट हा या वर्षाचा आपल्याकडचा सर्वांत बोलका साक्षीदार. ताम्रपट म्हणजे दानाचा दस्तऐवज, आजच्या कचेरीच्या भाषेत बक्षीसपत्र. तांबे ठोकून सपाट केलेले पत्रे, त्यांना एका बाजूला भोक, भोकातून ओवलेली जाड कडी आणि कडीवर राजमुद्रा. कागद कुजतो, भूर्जपत्राला वाळवी लागते. तांबे जमिनीत हजार वर्षे पडून राहिले तरी अक्षर हलत नाही. सामानगडचा हा पट पहिल्यांदा प्रसिद्ध केला तो ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी. पुढे पुरालेखतज्ज्ञ फ्लीट यांनी तो पुन्हा संपादित केला.

या पटाच्या दोन गोष्टी मराठी वाचकाला खास जवळच्या वाटाव्यात. पहिली त्याची लिपी. दख्खनमध्ये नागरी वळणाची अक्षरे ज्या सुरुवातीच्या लेखांत दिसतात, त्यांत याची गणना होते. म्हणजे हा लेख आता ज्या अक्षरांत वाचला जातो आहे, त्यांची पणजी तिथे भेटते. दुसरी गोष्ट म्हणजे वर्षाचा आकडा. शककाल शब्दांत तर सांगितला आहेच, पण त्यासोबत तो अंकांतही लिहिला आहे, आणि तोही स्थानमूल्याच्या पद्धतीने : सहा, सात, पाच. शतकाला वेगळे चिन्ह नाही, दशकाला वेगळे नाही. जागा बदलली की किंमत बदलली. आज सीएनसी मशीनच्या पडद्यावर जे अंक पळतात, ते याच रीतीने वाचले जातात.

तिथी आहे माघ शुद्ध सप्तमी, रथसप्तमी. आपल्याकडे संक्रांतीची हळदीकुंकवे ज्या दिवशी आटोपतात, तोच हा दिवस. इंग्रजी तारखेत तो जानेवारी ७५४च्या पहिल्या आठवड्यात येतो. त्या दिवशी दंतिदुर्ग तराजूत बसला. एका पारड्यात राजा आणि दुसऱ्या पारड्यात त्याच्या वजनाइतके सोने, असे हे तुलापुरुष दान. तुळेत बसलेल्या राजाने याच प्रसंगी गाव दान केले आणि त्याचा हा पट कोरला गेला.

हा दंतिदुर्ग होता कोण? बदामीच्या चालुक्यांचा मांडलिक. त्याचे घराणे वेरूळ परिसरात नांदत होते. वेरूळला मिळालेल्या त्याच्या आधीच्या ताम्रपटात एलापूर, म्हणजे वेरूळ, नावानिशी येते. आई चालुक्यांची राजकन्या. घराण्याच्या पुढच्या संजान ताम्रपटात म्हटले आहे, की दंतिदुर्गाचा बाप इंद्र याने तिला खेटक नगरीतून, म्हणजे आजच्या गुजरातेतल्या खेडा गावाहून, राक्षसविवाहाने आणले. राक्षसविवाह हा पळवून आणण्याचा शास्त्रातला सभ्य शब्द. तेव्हा दंतिदुर्गाने ज्यांचे राज्य बुडवले, ते त्याच्या आजोळचेच लोक.

सामानगडच्या पटात या विजयाचे वर्णन मोठ्या चतुराईने केले आहे. कांचीचा राजा, केरळ, चोळ, पांड्य, उत्तरेचा हर्ष आणि वज्रट यांना हरवण्यात मुरलेली कर्नाटकाची, म्हणजे चालुक्यांची सेना दंतिदुर्गाने मूठभर माणसांनिशी जिंकली, असे त्यात सांगितले आहे. हर्षाला नर्मदेपाशी थोपवणारा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी होऊन तोवर शतक उलटून गेले होते. तरी कवीने तो पराक्रम मुद्दाम उकरून काढला. शत्रू जितका थोर, तितका त्याला हरवणारा थोर. पटात दंतिदुर्गाच्या नावामागे ‘पृथ्वीवल्लभ’, ‘महाराजाधिराज’, ‘परमेश्वर’, ‘परमभट्टारक’ अशी बिरुदांची माळ आहे. कालपर्यंत ही माळ चालुक्यांच्या गळ्यात होती.

आता पाठ्यपुस्तकातल्या त्या ओळीला लागणारी एक पुस्ती. ७५४मध्ये पट्टदकलला एक शिलालेख कोरला गेला. त्यात राजा म्हणून नाव आहे ते चालुक्य कीर्तिवर्मा दुसरा याचे. म्हणजे तुलादानानंतर काही महिन्यांनी कृष्णा-मलप्रभेच्या मुलखात जुनाच राजा चालू होता. ७५७मध्ये कीर्तिवर्म्याची छावणी भीमेच्या काठी भंडारगविट्टगे येथे पडल्याची नोंद वक्कलेरी ताम्रपटात आहे. हे गाव म्हणजे दक्षिण सोलापूर तालुक्यातले भंडारकवठे. राजा अजून फौज घेऊन फिरत होता, दाने देत होता, स्वतःला सार्वभौम म्हणवत होता. दख्खनमध्ये चार वर्षे दोन महाराजाधिराज नांदले. एकाकडे वंशाचा हक्क होता आणि दुसऱ्याकडे तलवार. म्हणूनच दुसऱ्याला तराजूत बसावे लागले.

दंतिदुर्ग एवढ्यावर थांबला नाही. उज्जयिनीला त्याने हिरण्यगर्भ नावाचे महादान केले. सोन्याच्या मोठ्या पात्रात यजमान शिरतो, पुरोहित जन्माचे संस्कार करतात आणि आतून माणूस नव्याने जन्मलेला बाहेर येतो. संजान ताम्रपट सांगतो, की या सोहळ्यात गुर्जर राजाला द्वारपाल केले होते. यात शब्दाचा खेळही आहे, कारण गुर्जरांच्या घराण्याचे नावच प्रतिहार, म्हणजे द्वारपाल. टोमणा मारावा तर असा, तांब्यावर कोरून.

बाकीच्या भारतातही याच सुमारास घड्या बदलत होत्या. बंगालमध्ये मोठा मासा लहान माशाला गिळतो अशा अनागोंदीला कंटाळून गोपाल नावाच्या माणसाला राजा केले गेले आणि पाल घराणे सुरू झाले. काश्मिरात ललितादित्य मुक्तापीडाची कारकीर्द उताराला लागली होती. पुढची दोन शतके कनौजसाठी झुंजणारे पाल, प्रतिहार आणि राष्ट्रकूट हे तिन्ही मल्ल या एकाच पिढीत आखाड्यात उतरले.

बगदाद अजून वसायचे होते

पश्चिमेला अरबांच्या जगात खलिफाची गादी जेमतेम तीन-चार वर्षांपूर्वी हिसकावली गेली होती. ७५०मध्ये अब्बासींनी काळे झेंडे उभारून उमय्या घराणे उखडले. शेवटचा उमय्या खलिफा मरवान इजिप्तपर्यंत पळाला आणि तिथे मारला गेला. शके ६७५मध्ये पहिला अब्बासी खलिफा सफ्फाह गादीवर होता. दमास्कस मागे पडले होते आणि बगदाद अजून वसायचे होते. बगदादचा पाया ७६२मध्ये सफ्फाहच्या भावाने, मन्सूरने घातला. अब्बासींना लागणारा शिक्का त्यांच्या नात्यातच होता. पैगंबरांचे चुलते अब्बास यांचे आपण वंशज, या दाव्यावर त्यांचे सारे राज्य उभे राहिले.

या मुलखात तेव्हा तू ह्वान नावाचा एक चिनी माणूस राहत होता, स्वतःच्या मर्जीविरुद्ध. ७५१मध्ये मध्य आशियात तलास नदीपाशी अरब आणि चिनी फौजा भिडल्या. चिनी हरले आणि तू ह्वान कैद झाला. दहा-अकरा वर्षांनी, ७६२मध्ये, तो समुद्रमार्गे मायदेशी परतला आणि पाहिलेल्या मुलखांवर पुस्तक लिहिले. पुस्तक हरवले, पण त्याच्या नातलगाने आपल्या मोठ्या ग्रंथात घेतलेले उतारे टिकले. कूफा शहरात आपल्या देशाचे विणकर आणि चित्रकार काम करताना दिसले, असे त्याने नोंदवले आहे. वाळूजमध्ये राहणाऱ्याला हे चित्र समजायला वेळ लागत नाही. हातात कसब असलेला माणूस गाव सोडून कुठल्या कुठे जाऊन पोचतो आणि तिथे आपल्या गावचा दुसरा माणूस भेटला की त्याचे नाव लिहून ठेवतो.

पोप घाट चढतो

रोममध्ये पोप स्टीफन दुसरे अडचणीत होते. उत्तर इटलीतल्या लोंबार्डांच्या राजाने, ऐस्टुल्फने, ७५१मध्ये राव्हेना घेतले होते आणि आता त्याचा डोळा रोमवर होता. रोम नावाला कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाचे. पोपनी तिकडे मदत मागितली. सम्राटाने फौज धाडली नाही, दूत धाडला. निरोप असा, की ऐस्टुल्फकडे जाऊन बोलणी करा.

१४ ऑक्टोबर ७५३ला पोप रोममधून निघाले. आपल्या पंचांगाने तो कार्तिक शुद्ध पक्ष. पाव्हियाला ऐस्टुल्फची भेट झाली आणि ती फुकट गेली. तिथून घरी परतण्याऐवजी नोव्हेंबरच्या मध्याला ते उत्तरेकडे वळले आणि बर्फ पडायच्या दिवसांत आल्प्सचा सेंट बर्नार्ड घाट ओलांडून फ्रँक लोकांच्या राज्यात उतरले. आल्प्स ओलांडून तिकडे गेलेले ते पहिले पोप.

६ जानेवारी ७५४ला पाँथियाँच्या राजवाड्याशी फ्रँकांचा राजा पेपिन त्यांना सामोरा आला. सामानगडच्या पटातली रथसप्तमी याच आठवड्यातली. तिकडे तुलादान आणि इकडे ही भेट, दोन्हींमध्ये फार तर दोन-तीन दिवसांचे अंतर.

आणि दोन्ही यजमानांची कहाणीही एकाच साच्यातली. पेपिन मुळात राजा नव्हता, राजवाड्याचा कारभारी होता. खरा राजा चिल्डेरिक. ७५१मध्ये त्याचे लांब केस कापून त्याला मठात टाकले गेले. त्या घराण्यात लांब केस हीच राजपदाची खूण होती. सत्ता पेपिनकडे आधीही होतीच, आता नावही आले. उणीव होती ती फक्त मान्यतेची. पोपना फौज हवी होती आणि पेपिनला आशीर्वाद.

भेटीत काय घडले ते दोन तऱ्हांनी सांगितले गेले. पोपच्या बाजूचा वृत्तांत म्हणतो, की राजा घोड्यावरून उतरला, जमिनीवर लोळण घेतली आणि पोपच्या घोड्याशेजारून मोतद्दारासारखा पायी चालला. फ्रँकांकडच्या वृत्तांतात अंगाला राख फासून, गोणपाट नेसून जमिनीवर पडलेले पोपच दिसतात. कोण कुणापुढे वाकले, यावर तेव्हाही एकमत नव्हते. पोपना वाटेत सामोरे जाऊन आणायला राजाने आपल्या मुलाला पाठवले होते. तो मुलगा पुढे शार्लमेन या नावाने युरोपभर गाजला. जुलै ७५४मध्ये सेंट डेनिसच्या मठात पोपनी पेपिनला आणि त्याच्या मुलांना पवित्र तेलाने अभिषेक केला. पेपिनने इटलीवर स्वारी करून घेतलेला मुलूख पोपना दिला. इटलीच्या मधोमध पोपचे राज्य अकराशे वर्षे टिकले, त्याचे मूळ या हिवाळ्यातल्या प्रवासात आहे.

मूर्ती हवी की नको

पोपना फौज न देणारा सम्राट होता कॉन्स्टँटिन पाचवा. त्याचे लक्ष दुसरीकडे होते. देवाचे, येशूचे, संतांचे चित्र काढावे आणि त्यापुढे दिवा लावावा, हे धर्माला धरून आहे का? सम्राटाचे मत पक्के होते : नाही. त्याच्या लहानपणापासून साम्राज्यात हा वाद पेटलेला होता. १० फेब्रुवारी ७५४ला, फाल्गुनी पौर्णिमेच्या तोंडावर, बॉस्फरसच्या आशियाई काठावरच्या हिएरिया राजवाड्यात त्याने धर्मसभा भरवली. ३३८ बिशप आले. ऑगस्टपर्यंत सभा चालली आणि निकाल सम्राटाला हवा तोच लागला : धर्मचित्रे निषिद्ध.

पण खुर्च्या रिकाम्या होत्या. रोमचे पोप नव्हते, त्यांचा प्रतिनिधीही नव्हता. अलेक्झांड्रिया, अँटिऑक, जेरुसलेमचे धर्मप्रमुख नव्हते. कॉन्स्टँटिनोपलची गादी तर त्या वेळी मोकळीच होती. मानाचे पाच जण नाहीत, मग सभा कसली, हा आक्षेप पुढे उभा राहिला आणि ७८७मध्ये नायसियाच्या सभेने सगळे निर्णय फिरवले. इथे माणसे ३३८ होती, पण मान्यतेचा शिक्का उमटला नाही.

त्याच वर्षांत वेरूळच्या डोंगरात छिन्नी चालू होती, आणि तिथे हा प्रश्नच नव्हता. देवाला हात किती, सोंड कुठल्या बाजूला, नरसिंहाचा पंजा कसा उगारलेला, एवढाच विचार.

चार जहाजे

आता पूर्वेला. जपानच्या नारा शहरात ७५२मध्ये बुद्धाच्या प्रचंड कांस्यमूर्तीचे डोळे उघडण्याचा सोहळा झाला होता. डोळ्यांत बुबुळे रंगवण्याचा मान बोधिसेन या भारतीय भिक्षूला मिळाला. तो ७३६मध्ये तिथे पोचला होता. त्याच्या हातातल्या कुंचल्याला दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्यांनी त्या धरल्या, म्हणजे पुण्य सर्वांच्या वाट्याला.

मूर्ती झाली, मंदिर झाले, भिक्षूही पुष्कळ. अडले ते दीक्षेपाशी. नियमाप्रमाणे भिक्षूची दीक्षा द्यायला तीन आचार्य आणि सात साक्षी असे दहा दीक्षित लागतात, आणि जपानमध्ये विनयाची, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांची, परंपरा नीट सांगणारे आचार्यच नव्हते. ते आणायला माणसे चीनला गेली आणि यांगचौच्या गांजिन या विद्वान भिक्षूला भेटली. चिनी उच्चारात त्याचे नाव च्येनचेन. तो निघायला तयार झाला ७४२च्या सुमारास. त्यानंतर पाच प्रयत्न फसले. कधी सरकारी अधिकाऱ्यांनी अडवले, कधी वादळाने. एकदा तर वारा जहाजाला थेट दक्षिणेला हैनान बेटावर घेऊन गेला. या खटपटीत त्याची दृष्टी गेली.

७५३च्या अखेरीला, वयाच्या पासष्टीत, तो सहाव्यांदा जहाजात बसला. जपानी वकिलातीची चार जहाजे परतत होती, त्यांतले दुसरे त्याचे. पहिल्या जहाजात वकील स्वतः होता, आणि त्याच्यासोबत आबे नो नाकामारो. हा विद्यार्थी म्हणून ७१७मध्ये चीनला आला, चिनी दरबारात चाकरीला लागला आणि ३६ वर्षांनी घरी निघाला होता. ओकिनावा सोडताना पहिले जहाज खडकावर अडकले. सुटले तेव्हा वाऱ्याने उलटे व्हिएतनामच्या किनाऱ्याला नेले. नाकामारो बुडाला अशी बातमी चीनमध्ये पसरली आणि त्याचा मित्र, चिनी भाषेतला थोर कवी ली पो, याने त्याच्यावर शोककविता लिहिली. नाकामारो मात्र जिवंत होता. तो खुष्कीच्या मार्गाने राजधानीत परतला, आणि जपान पुन्हा त्याच्या नशिबी आले नाही.

गांजिनचे जहाज तरले. बाराव्या चांद्रमासाच्या विसाव्या दिवशी, आपल्या माघ वद्य पंचमीच्या सुमारास, ते जपानच्या दक्षिण टोकाला लागले. गांजिन नारा नगरीत शिरला तेव्हा आपल्याकडे नवे वर्ष लागून गुढीपाडव्याला तीन-चार दिवस झाले होते. त्याला भेटायला आलेल्यांत बोधिसेनही होता. निवृत्त सम्राट शोमूने त्याच्याकडून व्रते घेतली, आणि चारशेच्या वर लोकांनीही. गांजिनच्या पदरी पडलेले काम पुन्हा तेच : मान्यता देण्याचे.

सगळे शिक्के असलेला सम्राट

या वर्षात एकच राजा असा होता, की ज्याला कुणाच्या शिक्क्याची गरज नव्हती. चीनचा थांग सम्राट श्वान्त्सुंग चाळीस वर्षे गादीवर होता. ७५५च्या नोंदीप्रमाणे त्याच्या राज्यात सुमारे ५ कोटी २९ लाख माणसांची मोजदाद झाली होती. त्याच्या दरबारात कोण कुठे बसला यावर देशांचे मान ठरत. शके ६७५ लागण्याच्या महिनाभर आधी, चिनी नववर्षाच्या दरबारात, जपानी उपवकिलाने हट्ट धरला, की कोरियातल्या सिल्ला राज्याचा दूत आमच्या वर का? जपानच्या राजवृत्तांतानुसार शेवटी जागांची अदलाबदल झाली. लग्नात मानापमान होतो तसाच हा प्रकार, फक्त मांडव मोठा. त्या ओळीत तिबेट आणि अरबांचे दूतही बसले होते.

त्याच ७५३मध्ये थांग सेनापती फंग छांगछिंग याने आजच्या बाल्टिस्तानात जाऊन तिथले राज्य नमवले. गांधारात एका चिनी शिष्टमंडळातला माणूस आजारी पडून मागे राहिला, पुढे भिक्षू झाला आणि ७९०मध्ये वूकुंग या नावाने परतला. चीनची माणसे, चीनचे रेशीम, चीनचा दरारा हिंदुकुशापर्यंत पोचला होता.

आतून मात्र वासे पोखरले होते. कारभार सम्राटाच्या लाडक्या यांग क्वेईफेई हिचा नातलग यांग क्वोचुंग याच्या हाती. फौजा सीमेवर. त्यांतले तीन मोठे सुभे आन लूशान या एकाच सेनापतीकडे. डिसेंबर ७५५मध्ये त्याने बंड केले, दोन्ही राजधान्या गेल्या, आणि ७६४मध्ये नोंदवहीत उरली सुमारे १ कोटी ६९ लाख माणसे. सगळी मेली नव्हती. पुष्कळांची नोंद घ्यायला सरकारच उरले नव्हते.

कान टोचणाऱ्यांचा राजा

सुमारे शंभर वर्षांनी, ८५१मध्ये, हिंदी महासागरात फिरणाऱ्या अरब व्यापाऱ्यांच्या माहितीवरून एक पुस्तक तयार झाले. सुलेमान या व्यापाऱ्याचे नाव त्याला जोडले जाते. त्यात म्हटले आहे, की भारतातले आणि चीनमधले लोक जगात चार मोठे राजे मानतात. पहिला अरबांचा, मग चीनचा, मग रूमचा, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलचा, आणि चौथा बल्हरा, कान टोचणाऱ्या लोकांचा राजा.

बल्हरा म्हणजे वल्लभराज. सामानगडच्या पटातल्या ‘पृथ्वीवल्लभ’ या बिरुदातून, प्राकृत तोंडांतून घासत-घासत अरबांच्या कानी गेलेला शब्द. दंतिदुर्गाने चालुक्यांकडून घेतलेले नाव त्याच्या घराण्याला इतके चिकटले, की परदेशी लोक त्याच नावाने त्यांना ओळखू लागले. आणि आपल्याकडे बाळाचे कान टोचायचा जो साधा संस्कार, तो परक्या पाहुण्याला या मुलखाची मोठी ओळख वाटला.

शके ६७५मध्ये ही चारही सिंहासने डळमळत तरी होती, नाहीतर नुकती मांडली जात होती. पुढे थांग घराणे ९०७मध्ये संपले. राष्ट्रकूटांचे राज्य ९७३मध्ये तैलपाने घेतले, आणि तोही स्वतःला चालुक्य म्हणवणारा. बगदादची खिलाफत १२५८मध्ये मंगोलांनी बुडवली. कॉन्स्टँटिनोपल १४५३मध्ये पडले. चौघांत सर्वांत कमी आयुष्य लाभले ते आपल्या बल्हराला. दगडात सर्वांत मोठे काम मात्र त्याच्याच घराण्याने केले.

ते काम दंतिदुर्गाचे नव्हे. तुलादानानंतर दोन-तीन वर्षांत तो गेला, आणि गादीवर आला त्याचा चुलता कृष्ण पहिला. एलापूरच्या डोंगरावरच्या शिवमंदिराचे श्रेय ८१२-१३च्या वडोदरा ताम्रपटाने त्यालाच दिले आहे. विमानातून जाणारे देव ते पाहून थक्क होतात आणि खुद्द कारागीरच आपण हे केले कसे म्हणून चकित होतो, असे त्यात वर्णन आहे. तेच कैलास लेणे.

वेरूळला जाणारा माणूस कैलासात शिरतो, फोटो काढतो आणि परततो. त्या आधी थोडे थांबावे. कैलासाकडे तोंड करून उभे राहिले की उजव्या हाताला शेजारचे लेणे क्रमांक १५, दशावतार. खडकात कोरलेल्या पायऱ्यांची लांब चढण आहे, धाप लागते. वर पोचले की अंगण आणि अंगणाच्या मधोमध एकाच खडकातून कोरलेला मंडप. मंडपाच्या भिंतीवर संस्कृत लेख आहे. त्यात घराण्याची वंशावळ देत देत कवी दंतिदुर्गापर्यंत येतो. अक्षरे झिजली आहेत. आत दोन मजल्यांचे लेणे आणि वरच्या मजल्यावर हिरण्यकशिपूवर झेपावणारा नरसिंह. शके ६७५चा राजा ज्या परिसरातून उठला, तो हाच.

लेणी मंगळवारी बंद असतात. बाकी कुठल्याही दिवशी सकाळी लवकर निघावे, आणि कैलासाच्या आधी पंधरा नंबरच्या पायऱ्या चढाव्यात.